'हा प्रोग्रॅम तुमच्या भागात उपलब्ध नाही': झरी जामणीत बसून अ‍ॅफिलिएटची कमाई करायची, तर खरी अडचण कुठे असते?

मोबाइलवर मराठी वेबसाइट काढणं आता अवघड राहिलेलं नाही. डोमेन घ्यायचं, होस्टिंग घ्यायचं, वर्डप्रेस टाकायचं आणि लिहायला लागायचं. अवघड असतो तो पुढचा टप्पा, म्हणजे त्यातून पैसे मिळवणं. अ‍ॅफिलिएटचा फॉर्म भरायला घेतला की कुठे देशांच्या यादीत भारतच नसतो, कुठे पैसे फक्त अमेरिकी बँक खात्यात मिळतील असं लिहिलेलं असतं, तर कुठे अर्ज मंजूर होतो, लिंक लागते, लोक क्लिकही करतात आणि खात्यात मात्र शून्य दिसतं.

यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. कापसाचं पीक, आदिवासी वस्ती, मराठीसोबत कोलामी, गोंडी आणि तेलुगू कानावर पडणारा हा भाग. इथल्या एखाद्या पदवीधर मुलीने किंवा मुलाने वेबसाइट काढली आणि वर सांगितलेला अनुभव आला, तर पहिला विचार येतो की आपण खेड्यातले, म्हणून हे आपल्यासाठी नाहीच.

पण अ‍ॅफिलिएटमध्ये वेबसाइट कुठून चालते यापेक्षा वाचक कुठे राहतो आणि कुठल्या दुकानातून खरेदी करतो, याला जास्त महत्त्व असतं. हे एकदा समजलं की निम्मे निर्बंध अडथळे वाटत नाहीत. उरलेल्यांवर सरळ मार्गाने काय करता येतं आणि काय अजिबात करू नये, ते पाहूया.

अ‍ॅफिलिएट म्हणजे नेमकं काय?

वणी किंवा पांढरकवड्याच्या बाजारात अडत्या असतो. माल त्याचा नसतो आणि घेणाराही तो नसतो. दोघांची गाठ घालून दिल्याबद्दल त्याला अडत मिळते. अ‍ॅफिलिएटचं काम साधारण तसंच आहे. तुम्ही वेबसाइटवर एखाद्या वस्तूबद्दल लिहिता आणि सोबत तुमच्या नावाची खूण असलेली लिंक देता. वाचकाने त्या लिंकवरून जाऊन खरेदी केली, तर दुकानदार कंपनी तुम्हाला विक्रीचा ठरलेला टक्का देते. वाचकाला वस्तू नेहमीच्याच किमतीत मिळते.

अ‍ॅमेझॉनने आपला असोसिएट्स प्रोग्रॅम १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केला. भारतात अ‍ॅमेझॉन २०१३ मध्ये आलं आणि इथल्या दुकानासाठी वेगळा प्रोग्रॅम सुरू झाला. यातला 'वेगळा' हा शब्द महत्त्वाचा आहे.

निर्बंध एक नाही, चार असतात

नवीन माणूस सगळ्या नकारांना एकच समजतो. प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या ठिकाणी अडायला होतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

१. खात्याचा देश. काही प्रोग्रॅम ठराविक देशांतल्या रहिवाशांनाच खातं उघडू देतात. भारत यादीत नसेल तर विषय तिथेच संपतो.

२. वाचकाचा देश. तुमचं खातं मंजूर आहे, पण कंपनी फक्त अमेरिका किंवा ब्रिटनमधल्या ग्राहकाच्या खरेदीवर कमिशन देते. तुमचे वाचक यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचे असतील, तर हजार क्लिक होऊनही हाती काही लागत नाही.

३. पैसे येण्याची वाट. कमिशन जमा झालेलं दिसतं, पण कंपनी ज्या मार्गाने पैसे पाठवते तो मार्ग भारतातल्या बँक खात्यापर्यंत पोहोचत नाही.

४. मालाची पोच. याबद्दल कोर्सवाले फारसं बोलत नाहीत, पण ग्रामीण भागात हाच निर्बंध सगळ्यात जास्त नडतो. वाचकाला वस्तू आवडते, तो पिनकोड टाकतो आणि 'या पत्त्यावर पोहोचवत नाही' असं उत्तर येतं. विक्री झाली नाही, म्हणजे कमिशनही नाही.

कुठे अडलंय हे आधी ओळखा. अ‍ॅमेझॉन डॉट कॉमची लिंक लावून भारतीय वाचकांच्या खरेदीची वाट पाहणं ही दुसऱ्या प्रकारची अडचण आहे. त्यासाठी खातं बदलण्याची गरज नाही, फक्त भारतीय दुकानाची लिंक लावायची आहे.

कंपन्या असे निर्बंध घालतातच का?

बहुतेक वेळा कारण तुमच्याशी संबंधित नसतं. ते कर, कायदा किंवा सरकारी निर्णयाशी जोडलेलं असतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण खुद्द अमेरिकेतलं आहे.

अमेरिकेत १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, ज्या राज्यात कंपनीचं प्रत्यक्ष अस्तित्व नाही, तिथे तिला विक्रीकर गोळा करायला भाग पाडता येत नव्हतं. २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नवा कायदा केला. राज्यात राहणारे अ‍ॅफिलिएट हेच कंपनीचं अस्तित्व मानायचं, असा त्याचा अर्थ होता. मग इतर राज्यंही त्या वाटेने निघाली. अ‍ॅमेझॉनने त्यावर थेट उपाय केला. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड, २०१० मध्ये कोलोरॅडो, २०११ मध्ये इलिनॉय आणि कॅलिफोर्निया अशा राज्यांतल्या रहिवाशांची अ‍ॅफिलिएट खाती बंद केली. लोकांचं काम चांगलं चाललं होतं, फक्त पत्ता 'चुकीच्या' राज्यातला होता. कॅलिफोर्नियात तडजोड झाली आणि २०११ च्या सप्टेंबरमध्ये प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात प्रत्यक्ष अस्तित्वाची जुनी अटच काढून टाकली, त्यामुळे या भांडणातला मुख्य मुद्दाच उरला नाही.

भारतातही असा धक्का बसला आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात शीइन आणि क्लब फॅक्टरी ही खरेदीची अ‍ॅप्स होती. २४ नोव्हेंबर २०२० च्या ४३ अ‍ॅप्सच्या यादीत अलीएक्सप्रेस होतं. स्वस्त मोबाइल कव्हर, इअरफोन, गॅजेट्स यांबद्दल लिहून ज्यांनी या दुकानांच्या लिंक लावल्या होत्या, त्यांचे जुने लेख एका दिवसात बिनकामाचे झाले.

धडा एवढाच की एका कंपनीच्या एका प्रोग्रॅमवर सगळी वेबसाइट उभी करू नये. दार बंद झालं नाही तरी टक्का घसरू शकतो. अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत २१ एप्रिल २०२० पासून फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणि किराण्यावरचं ५ वरून १ टक्क्यावर आणलं. त्यावर अ‍ॅफिलिएटला दाद मागायला जागा नसते, कारण करारात बदलाचा हक्क कंपनीकडे असतो.

पहिला रस्ता: वाचक भारतातला, तर दुकानही भारतातलं

मराठीत लिहिणाऱ्या बहुतेक वेबसाइटचे वाचक महाराष्ट्रातच असतात. त्यांच्यासाठी परदेशी प्रोग्रॅमच्या मागे लागण्याची गरज नाही. अ‍ॅमेझॉन इंडियाचा असोसिएट्स प्रोग्रॅम मोफत आहे आणि पैसे भारतीय बँक खात्यात येतात. पॅन मात्र हवाच.

काही नियम सुरुवातीलाच लक्षात ठेवा:

- अर्ज केल्यापासून १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. म्हणून वेबसाइटवर दहा-पंधरा चांगले लेख आणि थोडे वाचक येण्याआधी अर्ज करण्याची घाई करू नका.
- साधारणपणे वाचकाने क्लिक केल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली किंवा घेतली तरच ती विक्री तुमच्या नावावर धरली जाते.
- स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही. 'माझ्या लिंकवरून घ्या, मला मदत होईल' असं म्हणून नातेवाइकांना किंवा मित्रांना घ्यायला लावायचं नाही. यावरून खाती बंद होतात.
- किंमत हाताने लिहू नका. ती सतत बदलते आणि जुनी किंमत दाखवणं नियमाविरुद्ध आहे.
- लिंक कुठे टाकता येते यावर मर्यादा आहेत. ज्या वेबसाइट आणि सोशल मीडिया पेजवर लिंक टाकणार, ती खात्यात नोंदवावी लागतात. पीडीएफ बनवून गावभर फॉरवर्ड करणं धोक्याचं आहे.
- कमिशन लगेच मिळत नाही. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी ते जमा होतं. दरम्यान वस्तू परत गेली तर तिचं कमिशन कापलं जातं.

शेवटचा मुद्दा ग्रामीण भागात जास्त लागू होतो. 'कॅश ऑन डिलिव्हरी' मागवून दारात आल्यावर पार्सल नाकारलं, तर ती विक्री धरली जात नाही. म्हणून लेखात वस्तूची खरी मापं, वजन, चार्जिंग किती वेळ टिकतं, दुरुस्ती कुठे होते हे लिहिणं वाचकाच्याही फायद्याचं आहे आणि तुमच्याही. माहिती पूर्ण असेल तर परत जाणारी पार्सलं कमी होतात.

पिनकोडच्या अडचणीवर साधा उपाय आहे. एखादी वस्तू सुचवण्याआधी आपल्या तालुक्यातले दोन-तीन पिनकोड टाकून ती पोहोचते का ते बघायचं. जड आणि मोठ्या वस्तू खेड्यात पोहोचत नाहीत असं बऱ्याचदा दिसतं, पण पुस्तकं, हेडलॅम्प, छोटे सोलर दिवे, रेनकोट, मोबाइलचं सामान यांना कमी अडचण येते. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससीची पुस्तकं हा मराठी वेबसाइटसाठी चालणारा विषय आहे, कारण तालुक्याच्या दुकानात प्रत्येक पुस्तक मिळत नाही आणि मुलांना कोणतं पुस्तक घ्यावं हे खरंच जाणून घ्यायचं असतं.

भाषेचा निर्बंध गेल्या काही वर्षांत बराच सैल झाला आहे. गूगलच्या अ‍ॅडसेन्स जाहिराती हिंदी वेबसाइटना २०१४ च्या डिसेंबरमध्ये मिळू लागल्या, मराठीला त्यासाठी २०१८ उजाडलं. फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन या दोन्ही दुकानांमध्ये मराठी भाषा २०२१ मध्ये आली. त्याआधी २०२० च्या शेवटी मनसेने अ‍ॅमेझॉनविरुद्ध मराठीसाठी आंदोलन केलं होतं. आता तुमचा मराठी लेख वाचून क्लिक करणारा माणूस पुढेही मराठीतच खरेदी करू शकतो.

दुसरा रस्ता: वाचक परदेशातला मराठी

पुरणपोळी, गोडा मसाला, लहान मुलांना मराठी शिकवणं, गणपतीची सजावट. अशा विषयांच्या वेबसाइटवर न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, लंडन, दुबई, सिडनीहून वाचक येतात. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, यावरून तिथला मराठी समाज किती जुना आहे हे कळतं. हा वाचक अ‍ॅमेझॉन इंडियाच्या लिंकवरून काही घेणार नाही. तो त्याच्या देशातल्या दुकानातून घेणार.

वेबसाइटच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये वाचकांचे देश दिसतात. तिथे अमेरिकेचा आकडा ठळक दिसत असेल तरच हा रस्ता घ्या. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकी प्रोग्रॅममध्ये भारतात राहणाऱ्यालाही अर्ज करता येतो. प्रत्येक देशाच्या दुकानाचं खातं मात्र वेगळं असतं. अमेरिकेत मिळालेली मंजुरी ब्रिटनमध्ये चालत नाही.

मग एकाच लेखात दोन देशांच्या वाचकांचं काय करायचं? तीन पद्धती आहेत. पहिली अगदी साधी: वस्तूखाली दोन बटणं द्यायची, 'भारतात घ्या' आणि 'अमेरिकेत घ्या'. दुसरी, अ‍ॅमेझॉनची स्वतःची वनलिंक सोय, जी वाचकाला त्याच्या देशातल्या दुकानाकडे वळवते. कोणते देश त्यात जोडता येतात ते खात्यातच दिसतं. तिसरी, जीनियसलिंकसारखी पैसे घेऊन सेवा देणारी कंपनी. सुरुवातीला दोन बटणं पुरेशी आहेत. वाचकालाही आपण कुठे जातोय हे स्पष्ट दिसतं.

अमेरिकी खात्यासाठी डब्ल्यू-८बेन नावाचा कर फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. 'मी अमेरिकेचा नागरिक किंवा तिथला करदाता नाही' हे त्यात जाहीर करायचं असतं. आपला खरा पत्ता, मग तो झरी जामणी तालुक्यातल्या गावाचा असला तरी, तोच लिहायचा आणि कर क्रमांक म्हणून पॅन द्यायचा. हा फॉर्म सही केलेल्या वर्षानंतर तिसरं वर्ष संपेपर्यंत चालतो. २०२६ मध्ये भरला तर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत.

तिसरा रस्ता: मधलं नेटवर्क

कधी कंपनी थेट छोट्या वेबसाइटला घेत नाही, पण तिचं काम पाहणारं नेटवर्क घेतं. भारतात व्हीकमिशन, क्यूलिंक्स, अर्नकरो अशी नेटवर्क आहेत. एका खात्यातून बऱ्याच दुकानांच्या लिंक मिळतात. बदल्यात कमिशनमधला काही हिस्सा नेटवर्क ठेवतं. परदेशात सीजे, अवीन, इम्पॅक्ट ही मोठी नावं आहेत.

नेटवर्कमध्ये प्रत्येक ऑफरसोबत नियम लिहिलेले असतात. त्यात तीन गोष्टी आधी वाचा: कोणत्या देशाच्या ग्राहकावर कमिशन मिळतं, कूपन किंवा सोशल मीडियावरून आलेली खरेदी धरतात का, आणि किमान किती रक्कम झाल्यावर पैसे देतात. किमान रक्कम पाच हजार असेल आणि तुमची महिन्याची कमाई तीनशे, तर ते पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून राहणार.

सगळे दरवाजे बंद असले तरी एक पर्याय उरतो. तालुक्यातलं पुस्तकाचं दुकान, शिवणयंत्र दुरुस्त करणारा, रोपवाटिका, मध किंवा हळद विकणारा महिला बचत गट यांच्याशी थेट ठरवून घेता येतं. एक वेगळा कूपन कोड ठेवायचा आणि त्यावर आलेल्या ऑर्डरवर ठरलेली रक्कम घ्यायची. यात पिनकोड, देश, डॉलर यांपैकी काहीच आडवं येत नाही. व्यवहार लेखी ठेवा आणि महिन्याला हिशोब जुळवा.

पैसे खात्यात येतात कसे?

भारतीय कंपनीचे पैसे थेट बँकेत येतात. परदेशी कंपनीचे पैसे सहसा पेओनिअर किंवा पेपॅलसारख्या सेवेमार्फत येतात. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले, परदेशातून येणारे पैसे मात्र स्वीकारता येतात. त्यामुळे भारतीय नेटवर्ककडून पेपॅलवर पैसे मागायला गेलात तर नकार मिळेल.

परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेसाठी 'हे पैसे कशाचे' हे सांगणारा परपज कोड द्यावा लागतो. बँक किंवा सेवा देणारी कंपनी रक्कम आल्याचा दाखला देते, तो जपून ठेवा. पॅन, बँक खातं आणि अ‍ॅफिलिएट खातं या तिन्हींवर नाव सारखंच असावं. आधारवर एक स्पेलिंग आणि बँकेत दुसरं असेल, तर पैसे अडकण्याचं ते अगदी नेहमीचं कारण असतं. वय १८ पूर्ण नसेल तर पालकांच्या नावाने काम करावं लागतं.

कर भरावा लागतो का?

कमाई कुठल्याही देशातून आली तरी भारतात राहणाऱ्याला ती इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागते. लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी या:

- भारतीय कंपनी कमिशनवर टीडीएस कापते. कमिशनसाठीचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजार रुपयांच्या पुढे तो लागू होतो. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापला जातो. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मिळवता येतात.
- छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा गृहीत धरण्याची जी सोपी योजना होती (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी), ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. सोशल मीडियावर याबाबत हमखास चुकीचं सांगितलं जातं. होस्टिंग, डोमेन, इंटरनेट यांचा खर्च मात्र वजा करता येतो, म्हणून बिलं ठेवा.
- १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. जुना क्रमांक पाठ करून फॉर्म भरू नका.
- सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी करावी लागते.

पहिल्या वर्षी रक्कम छोटी असली तरी एकदा सीएला भेटून घ्या.

व्हीपीएन आणि खोटा पत्ता: हा रस्ता का नाही?

'अमेरिकेचा व्हीपीएन लावा, तिथला पत्ता टाका, खातं मंजूर होतं' असे व्हिडिओ खूप फिरतात. खातं मंजूर होतंही. अडचण नंतर येते. अर्जाच्या वेळी कंपनी फारसं तपासत नाही, पैसे देताना मात्र कर फॉर्म, ओळखपत्र आणि बँक खातं जुळवून पाहते. तोपर्यंत चार-सहा महिन्यांचं काम झालेलं असतं. माहिती जुळली नाही की खातं बंद होतं आणि साठलेलं कमिशन जातं. करारात तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे भांडायलाही जागा नसते. त्यात अमेरिकी कर फॉर्मवर खोटी माहिती देणं हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. दुसऱ्याच्या नावाचं खातं विकत किंवा भाड्याने घेणं हाही तोच प्रकार. पैसे आले तरी ते कायद्याने त्या दुसऱ्याचे असतात.

दुसरा सापळा 'आधी पैसे भरा'चा आहे. मोठ्या दुकानांच्या अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅममध्ये सामील व्हायला फी लागत नाही. कुणी पाच-दहा हजारांचं 'पॅकेज' घ्यायला सांगत असेल आणि तेच पॅकेज पुढे चार जणांना विकल्यावर कमाई होईल म्हणत असेल, तर ते अ‍ॅफिलिएट नसून साखळी योजना आहे. डायरेक्ट सेलिंगच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी आहे. जिथे खऱ्या वस्तूचा खरा ग्राहक दिसत नाही, तिथून बाजूला व्हा.

कमिशन कशावर घ्यायचं, हेही ठरवावं लागतं

यवतमाळ जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. २०१७ च्या खरीप हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातल्या सुमारे २० शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. राज्य सरकारला चौकशीसाठी पथक नेमावं लागलं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलले आणि परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशकं ऑनलाइन विकायची मुभा मिळाली. म्हणजे आता कीटकनाशकाचीही लिंक लावता येऊ शकते.

इथे थांबून विचार करायला हवा. कोणतं औषध, किती मात्रा, कशात मिसळायचं हे सांगण्याचं काम कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राचं आहे. कमिशनसाठी ते वेबसाइटवरून सांगणं कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. फवारणी पंपाबद्दल लिहायचं असेल तर मास्क, हातमोजे, गॉगल, अंगभर कपडे आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी पंपाच्या टाकीच्या लिटरइतक्याच ठळक लिहा. मंजुरी नसलेल्या एचटीबीटी कापूस बियाण्याची जाहिरात कुणी कितीही टक्के देऊ केले तरी करू नका, ते बेकायदेशीर आहे.

ऑनलाइन जुगाराचंही तसंच. बेटिंग आणि पैशांच्या गेमिंग अ‍ॅप्सचं कमिशन डोळे दिपवणारं असतं. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि कमिशन मिळतं हे लपवायचं नाही. जाहिरात मानक परिषदेच्या म्हणजे आस्कीच्या इन्फ्लुएन्सरसाठीच्या सूचना १४ जून २०२१ पासून लागू आहेत. ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. मजकूर मराठीत असेल तर सूचनाही मराठीत असावी, ही त्यातली सोपी अट. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखाच्या सुरुवातीला एवढं लिहिलं तरी चालतं: 'या लेखातल्या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं. तुम्हाला त्यासाठी जास्त पैसे द्यावे लागत नाहीत.' अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं ठरलेलं वाक्य असतं, तेही वेबसाइटवर ठेवावं लागतं.

मग महिन्याला किती मिळतील?

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात, पण हिशोब कसा चालतो ते पाहा. समजा महिन्याला ५,००० लोकांनी लेख वाचले. त्यातल्या १०० जणांनी लिंक दाबली. त्यातल्या चौघांनी खरेदी केली, प्रत्येकी ८०० रुपयांची. विक्री झाली ३,२०० रुपयांची. कमिशन ५ टक्के धरलं तर १६० रुपये. एक पार्सल परत गेलं तर १२० रुपये.

एवढ्या कमाईत घर चालत नाही. पण या हिशोबात कुठला आकडा वाढवणं आपल्या हातात आहे, ते दिसतं. टक्का कंपनी ठरवते. पिनकोडची सेवा कुरिअर ठरवते. क्लिक केलेल्या १०० जणांपैकी किती जण विश्वासाने खरेदी करतात, हे मात्र लिखाणावर अवलंबून असतं. झरी जामणीतल्या माणसाला तिथली परिस्थिती माहीत असते: लाईट किती तास असते, पावसात रस्त्याचं काय होतं, कोणत्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर वणीत आहे आणि कोणत्याचं थेट नागपूरला. पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्या वेबसाइटकडे ही माहिती नसते.

थोडक्यात, सुरुवात कशी करायची?

१. अ‍ॅनालिटिक्स लावा आणि दोन-तीन महिने वाचक कुठून येतात ते बघा.

२. वाचक भारतातले असतील तर आधी भारतीय प्रोग्रॅम. परदेशातले पुरेसे असतील तरच तिथलं खातं.

३. अर्ज करण्याआधी चार प्रश्न विचारा: खातं मिळतं का, माझ्या वाचकाच्या खरेदीवर कमिशन आहे का, पैसे माझ्या बँकेपर्यंत येतात का, माल माझ्या वाचकाच्या पिनकोडवर पोहोचतो का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर तो प्रोग्रॅम तुमच्यासाठी नाही, दुसरा बघा.

४. किमान दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक ठेवा आणि दर तीन महिन्यांनी जुन्या लिंक चालतात का ते तपासा.

५. खरं नाव, खरा पत्ता, खरा पॅन. फॉर्मवरच्या नकाराने फार तर एक अर्ज वाया जातो. खोटी माहिती दिली तर वर्षभराची मेहनत जाऊ शकते.